पाठीखाली हात घालून बघा

नाइटचा हँडओव्हर घेत होते. बेडवर एक काका, सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनलेलं), व्हेंटिलेटरवर, मांडीत डायलिसिसची लाइन, प्लेटलेट्स 38 हजार, आयएनआर (रक्त गोठायला किती उशीर होतो ते दाखवणारा आकडा) 2.1, म्हणजे वाढलेला. इव्हिनिंगच्या सिस्टरने सांगितलं की लाइनच्या जागी दुपारी जरा ऊझिंग होतं, म्हणजे रक्त झिरपत होतं, ड्रेसिंग बदललंय, आता थांबलंय. दोघींनी चादर बाजूला करून बघितलं, ड्रेसिंग खरंच पांढरंशुभ्र होतं. बीपी ठीक, पल्स 104, आणि तो सकाळपासून तेवढाच होता. मी सही करून पुढच्या बेडकडे गेलेच असते, पण पोझिशन बदलायची वेळ झाली होती म्हणून म्हटलं आत्ताच वळवून घेऊया, आणि वळवायला कमरेखाली हात घातला तर हात कोमट आणि ओला.

रक्त ड्रेसिंगच्या खालच्या कडेतून निसटून जांघेच्या घडीत जात होतं, तिथून मांडीच्या मागे आणि मग पाठीखालच्या पॅडमध्ये. वरून एक थेंब दिसत नव्हता. पॅड वजनकाट्यावर ठेवलं, कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली रक्त धरायचं, तर जवळजवळ साडेचारशे मिली निघालं. साडेचारशे! आणि दोन जबाबदार सिस्टर त्या बेडशेजारी उभ्या राहून "थांबलंय" म्हणत होत्या.

ही गोष्ट जुनी आहे. त्यानंतर अशा पेशंटच्या पाठीखाली हात घातल्याशिवाय मी आजवर एकही हँडओव्हर घेतलेला नाही. रक्त गोठायचा प्रॉब्लेम असलेल्या क्रिटिकल पेशंटची नर्सिंग केअर म्हणजे नक्की काय करायचं असं नवीन मुली विचारतात, आणि पुस्तकात ते सगळं आहेही, पण पुस्तकात ते एका ओळीत येतं, "रक्तस्रावाच्या खुणांवर लक्ष ठेवा". लक्ष ठेवा म्हणजे कुठे, कसं, किती वेळाने, हात कुठे घालायचा, हे मला लिहून काढायचंय.

आधी थोडं आजाराबद्दल, कारण हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं उलटसुलट वाटतं. आयसीयूत आपण सगळ्यात जास्त घाबरतो ते डीआयसीला. सेप्सिस, मोठा अपघात, बाळंतपणात वार आधीच सुटणं, काही प्रकारचे ब्लड कॅन्सर, काही सापांचे दंश, अशा कशानेही ते सुरू होऊ शकतं. होतं असं की अंगभर छोट्या छोट्या रक्तवाहिन्यांमध्ये नको तिथे रक्त गोठायला लागतं, हजारो बारीक गुठळ्या, आणि त्या गुठळ्या करण्यात प्लेटलेट्स आणि गोठवणारे फॅक्टर्स संपून जातात. घरभर नको त्या भिंतींना सिमेंट थापून संपवलं आणि जिथे खरंच पाइप गळतोय तिथे लावायला मूठभरही उरलं नाही, तसं. वर शरीर त्या गुठळ्या विरघळवायचा प्रयत्न करत असतं, त्यामुळे ऊझिंग अजून वाढतं. म्हणजे त्याच पेशंटच्या हिरड्यांतून रक्त येतंय आणि त्याच पेशंटची पायाची बोटं गुठळ्यांमुळे काळी पडतायत. दोन्ही एकाच वेळी. हे ज्या दिवशी मला नीट समजलं त्या दिवसापासून मी पेशंटचं तोंड आणि बोटं एकाच फेरीत बघायला लागले.

रिपोर्टमध्ये काय दिसतं तर प्लेटलेट्स कमी, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) लांबलेला, फायब्रिनोजेन (गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रोटीन) उतरलेलं, डी-डायमर (गुठळ्या विरघळताना उरणारे तुकडे) वाढलेलं. या चार गोष्टींना मार्क देऊन एक स्कोअर काढतात, पाच किंवा जास्त आला की उघड डीआयसी धरतात. स्कोअर डॉक्टर काढतील. आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे आकडा कुठून कुठे आला. प्लेटलेट्स 90 हजार ऐकून कोणी दचकत नाही, पण परवा 2 लाख 40 हजार होत्या आणि आज 90 असतील तर दचकायला हवं. फायब्रिनोजेनचंही तेच, इन्फेक्शनमध्ये ते मुळात वाढतं, त्यामुळे ज्याचं वाढलेलं असायला हवं त्याचं "नॉर्मल" येणं हीसुद्धा बातमी असू शकते. म्हणून मी चार्टवर आजच्या आकड्याशेजारी कालचा आणि परवाचा लिहिते, पेनने, छोट्या अक्षरात. राउंडला सर लोकांची नजर आधी तिथेच जाते हे मी बघितलंय.

आता माझी एक चूक सांगते. खूप वर्षं कोणाला सांगितली नव्हती. तेव्हा नवीन होते, पहाटेची सॅम्पल्स काढायची गडबड, आठ पेशंट आणि दोन सिस्टर, आणि एका आजींचं रक्त मी आर्टेरियल लाइनमधून, म्हणजे धमनीत घातलेल्या नळीतून, काढलं. त्या लाइनच्या फ्लशमध्ये, म्हणजे ती तुंबू नये म्हणून सोडतात त्या सलाईनमध्ये, तेव्हा हेपरिन असायचं, रक्त गोठू न देणारं औषध. आधीचं रक्त टाकून द्यायचं असतं ते मी टाकलं पण पुरेसं टाकलं नाही, आणि निळ्या झाकणाची ट्यूब खुणेपर्यंत भरली नाही, अर्ध्याच्या थोडी वर भरली असेल. रिपोर्ट आला, एपीटीटी (गोठण्याच्या वेळेचीच आणखी एक टेस्ट) इतका लांबलेला की लॅबवाल्यांनी फोन करून सांगितला. धावपळ, ब्लड बँकेला फोन, एफएफपीच्या (गोठवून ठेवलेल्या प्लाझ्माच्या) चार बॅगा वितळवायला घेतल्या. रजिस्ट्रार मॅडम मात्र शांत होत्या, त्यांनी आजींकडे बघितलं, हिरड्या बघितल्या, टोचलेल्या जागा बघितल्या, आणि मला म्हणाल्या, "सिस्टर, हे रक्त या पेशंटचं वाटत नाही. दुसरं काढा, शिरेतून." दुसरं काढलं तर नॉर्मल. चार बॅगा वितळल्या होत्या, त्या परत गोठवता येत नाहीत.

निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट असतं आणि रक्त व सायट्रेटचं प्रमाण नऊला एक असंच लागतं. रक्त कमी पडलं की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला उगाच उशीर होतो, म्हणजे पेशंट ठीक असला तरी रिपोर्ट त्याला आजारी दाखवतो. म्हणून खुणेपर्यंत भरायची, भरली की लगेच तीन-चार वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, खळखळा हलवायची नाही, आणि लाइनमधून काढायचं असेल तर आधीचं नीट टाकून द्यायचं, ते शक्य नसेल तर वेगळ्या जागी टोचायचं. जांभळ्या ट्यूबचीही एक गंमत आहे, काही जणांच्या प्लेटलेट्स त्या ट्यूबमधल्या ईडीटीए या केमिकलमुळे एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात, पेशंटमध्ये त्या व्यवस्थित असतात. प्लेटलेट्स 20 हजार आणि अंगावर एक ठिपका नाही असं दिसलं तर लॅबला स्लाइड बघायला सांगा आणि निळ्या ट्यूबमध्ये परत पाठवा. रिपोर्ट आणि पेशंट जुळत नसतील तर आधी पेशंटजवळ जायचं, हे मी त्या मॅडमकडून शिकले.

आणि एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. लॅबचं मशीन रक्त 37 डिग्रीला तपासतं. आपला पेशंट 33.5 डिग्रीवर गार पडलेला असेल तर त्याचं रक्त त्याच्या अंगात रिपोर्टपेक्षा कितीतरी वाईट गोठत असतं, कारण गोठण्याची सगळी साखळी उष्णतेवर चालते, प्लेटलेट्सही गारठ्यात नीट काम करत नाहीत. रिपोर्ट म्हणतो बरंय आणि जखम म्हणते वाहतेय. म्हणून अपघाताचा, मोठ्या ऑपरेशनचा, खूप रक्त चढवलेला पेशंट आला की माझं पहिलं काम त्याला गरम करणं. ओली चादर काढायची, डोकं झाकायचं, गरम हवेचं ब्लँकेट लावायचं, रक्त वॉर्मरमधून द्यायचं, आणि स्पंजिंग त्या शिफ्टला नाही केलं तर काही बिघडत नाही. गारठा, रक्तातलं वाढलेलं ॲसिड आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना वाढवत नेतात, आणि या तिघांतला गारठा हा एकटा असा आहे ज्याच्यासाठी मला कोणाची ऑर्डर लागत नाही.

माउथ केअरबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त नुकसान मी तिथे होताना बघितलंय आणि तेही चांगल्या हेतूने. रात्रीचे तीन वाजलेत, श्वासाची ट्यूब टाकलेल्या पेशंटच्या ओठाच्या कोपऱ्यात एक काळपट लाल गुठळी चिकटलीय, वाटाण्याएवढी, जेलीसारखी. सकाळी नातेवाईक येणार, तोंड स्वच्छ दिसलं पाहिजे, म्हणून आपण गॉजने ती पुसून काढतो. आणि तिच्याखालून परत भळभळ सुरू. ती गुठळी म्हणजे घाण नाही हो. त्या बिचाऱ्या शरीराने उरल्यासुरल्या प्लेटलेट्स गोळा करून लावलेलं ते झाकण आहे, तासन्‌तास लागलेत त्याला. मी तिला हात लावत नाही. आजूबाजूचं सलाईनमध्ये भिजवलेल्या मऊ स्पंजने, घासून नाही तर टिपून टिपून साफ करते, हिरड्यांना ब्रश लावायचा तर लहान मुलांचा मऊ, प्लेटलेट्स फारच खाली असतील तर नुसता स्पंज. ओठांना व्हॅसलीन दर दोन-तीन तासांनी, कारण कोरडा ओठ फाटतो आणि फाटलेला ओठ अशा पेशंटमध्ये रात्रभर गळतो. ट्यूबची टेप एकाच कोपऱ्यावर दाब देत नाही ना ते बघते, जागा बदलते. गुठळी घशात सरकायची भीती असेल, हलत असेल, तर मात्र डॉक्टरांना बोलावून, सक्शन हाताशी ठेवून बघायची, एकटीने ओढायची नाही.

सक्शनचंही, म्हणजे ट्यूबमधला कफ ओढून काढण्याचंही, तसंच. रुटीन म्हणून दर दोन तासांनी करायचं नाही, छातीला हात लावा, घरघर लागतेय का बघा, व्हेंटिलेटरच्या स्क्रीनवरची रेघ थरथरतेय का बघा, गरज असेल तेव्हाच. कॅथेटर ट्यूबच्या लांबीइतकंच आत, टोचेपर्यंत ढकलायचं नाही, प्रेशर लागेल तेवढं कमी, आणि दहा-पंधरा सेकंदांत बाहेर. सक्शनच्या जारमध्ये गुलाबी फेस दिसायला लागला की ते लगेच लिहा, किती वाजता दिसला तेही.

बाकीचं हाताळणं भरभर सांगते. स्नायूत इंजेक्शन नाही, कितीही छोटं असो. गुदद्वारातून टेम्परेचर नाही, सपोझिटरी नाही, एनिमा नाही. नाकातून नळी घालायची वेळ आली तर विचारा की तोंडातून चालेल का, कारण नाकातून एकदा सुरू झालं की थांबवणं फार कठीण. दाढी ब्लेडने नाही. टोचलं तर किमान पाच मिनिटं दाबून धरायचं, आर्टरी असेल तर दहा किंवा जास्त, घड्याळ बघून, आणि मध्ये मध्ये उचलून "थांबलं का" बघायचं नाही, कारण प्रत्येक वेळी उचललं की पहिल्यापासून सुरुवात. बीपीचा कफ दर पाच मिनिटांनी फुगतोय का बघा, कोणीतरी इमर्जन्सीत तसा सेट केलेला असतो आणि नंतर कोणी बदलत नाही, आणि दंडावर लाल ठिपक्यांचा पट्टा उठलेला असतो. आर्टेरियल लाइन चालू असेल तर कफ काढूनच टाका. चिकटपट्टी काढताना भिजवून, त्वचा एका हाताने धरून. आणि सगळ्या ब्लड टेस्ट एकदाच जमवून काढा, सकाळी सहाला एक, आठला एक, दहाला एक असं टोचत बसू नका. लहान ट्यूब मिळत असतील तर लहान वापरा. रोज दहा-वीस मिली, चाळीस मिली काढत राहिलं तर आठवड्यात आपणच पेशंटचं रक्त कमी केलेलं असतं.

रक्ताच्या बॅगांशी आपलं नातं नुसतं चढवायचं असं नसतं. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवायच्या नाहीत, त्या 20 ते 24 डिग्रीला सतत हलत राहाव्या लागतात आणि पाच दिवसांतच संपतात, त्यामुळे बॅग आली की लगेच लावायची, पेशंट एक्सरेला जाणार असेल तर आधी ठरवायचं आणि मग मागवायची. मी एकदा बॅग वॉर्डच्या फ्रीजमध्ये व्यवस्थित लेबल लावून ठेवलेली बघितलीय, ठेवणाऱ्या मुलीला वाटलं ती नीट जपतेय, आणि ती बॅग वाया गेली. कोणीतरी रक्त दिलेलं असतं, अर्धापाऊण दिवस मोडून. एफएफपी वितळायला अर्धा तास लागतो, हे डोक्यात ठेवून आधी फोन करायचा. प्रोसीजर अकराला असेल आणि आपण पावणेअकराला फोन केला तर काय उपयोग. आणि प्लेटलेट्स प्रोसीजरच्या अगदी आधी, जमलं तर चालू असतानाच, आदल्या रात्री देऊन ठेवल्या तर सेप्सिसवाल्या पेशंटमध्ये सकाळपर्यंत त्या उरतच नाहीत.

भराभर रक्त चढतंय तेव्हा कॅल्शियम विसरू नका. बॅगेत रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घातलेलं असतं, ते पेशंटचं कॅल्शियम पकडतं, आणि कॅल्शियमशिवाय रक्त गोठत नाही. जागा पेशंट म्हणेल ओठाला मुंग्या येतायत, बोटं वाकडी होतायत. झोपवलेला पेशंट काहीच म्हणणार नाही, त्याचा फक्त बीपी उतरेल आणि सगळे म्हणतील ब्लीडिंग वाढलं. चार-पाच बॅगा झाल्या की मी स्वतःहून एबीजी (धमनीतल्या रक्ताची टेस्ट) लावते आणि आयोनाइज्ड, म्हणजे रक्तातलं मोकळं, कॅल्शियम वाचून दाखवते.

व्हिटॅमिन केबद्दल एक सांगायचंच. आठ-दहा दिवस पोटात फारसं काही गेलेलं नाही, मोठी अँटिबायोटिक्स चालू आहेत, आणि आयएनआर रोज थोडा थोडा चढतोय, 1.3, 1.5, 1.8. लिव्हर ठीक, सेप्सिस सुधारतोय, मग का? साधं व्हिटॅमिन के संपलेलं असू शकतं. डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांच्या पिल्लांवर काम करताना हे व्हिटॅमिन शोधलं आणि गोठण्याला त्यांच्याकडे "कोआगुलेशन" म्हणतात त्यातला के याला दिला, 1943 चं नोबेल त्यांना मिळालं. राउंडला मी एवढंच विचारते, "सर, के देऊन किती दिवस झाले?" कधी कधी उत्तर असतं, दिलंच नाहीये. द्यायचं ते शिरेतून, पातळ करून, हळू, आणि जवळ उभं राहून, कारण क्वचित जोराची रिॲक्शन येते. परिणाम लगेच दिसत नाही, काही तास लागतात, त्यामुळे तासाभराने आयएनआर परत पाठवून उपयोग नाही.

आता दुसरी बाजू. एका पेशंटचा मुलगा, तिशीचा असेल, रोज सगळं वहीत लिहून ठेवायचा. एक दिवस वही पुढे करून मला म्हणाला, "सिस्टर, काल तुम्ही सांगितलं प्लेटलेट्स कमी आहेत, रक्तस्राव होऊ शकतो. आज इथे लिहिलंय रक्त पातळ करायचं औषध चालू केलं. मी चुकीचं लिहिलं का?" त्याने चुकीचं लिहिलं नव्हतं. त्याच्या आईला प्लेटलेट्स कमी होत्या तरी गुठळ्यांचाच धोका होता.

त्या बाई ऑपरेशननंतर हेपरिनवर होत्या, सातवा दिवस, प्लेटलेट्स 2 लाख 60 हजारांवरून 1 लाख 5 हजारांवर आलेल्या. 1 लाख 5 हजार हा आकडा आयसीयूत कोणाला घाबरवत नाही. मी पाय पुसत होते, डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट जांभळट आणि उजव्यापेक्षा गार. नाडी डॉपलर मशीनने कशीबशी लागली. आणि त्याच हाताने मी चार्ट उघडला तर हेपरिन सुरू केल्याची तारीख समोर. हेपरिनमुळे प्लेटलेट्स कमी होण्याचा जो प्रकार आहे, एचआयटी, तो बहुतेक वेळा पाचव्या ते दहाव्या दिवशी दिसतो, प्लेटलेट्स निम्म्याहून खाली येतात, पण रक्त वाहत नाही, उलट गोठत सुटतं. कारण शरीर हेपरिनविरुद्ध जे तयार करतं ते प्लेटलेट्सनाच भडकवतं.

तिथे डॉक्टरांनी हेपरिन लगेच थांबवलं आणि दुसऱ्या प्रकारचं औषध सुरू केलं. पण "हेपरिन बंद" असं ऑर्डरमध्ये लिहिलं म्हणजे हेपरिन बंद होत नाही, ते बंद करायचं काम आपलं. आर्टेरियल लाइनच्या प्रेशर बॅगेत आहे का? डायलिसिसच्या लाइनचं लॉक कशाने केलंय, म्हणजे वापरात नसताना आत काय भरून ठेवलंय? कोणी कॅन्युला फ्लश करायला जुनी सिरिंज वापरतंय का? लाइनला हेपरिनचं कोटिंग आहे का? डायलिसिसच्या टेक्निशियनला कोणी सांगितलंय का? मी मोठ्या अक्षरात बोर्ड करून बेडच्या डोक्याशी लावला, फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहिलं, आणि प्रत्येक शिफ्टला तोंडाने सांगितलं. आणि अशा पेशंटला नुसता आकडा कमी आहे म्हणून प्लेटलेट्स चढवायच्या नसतात, ब्लीडिंग असेल किंवा मोठी प्रोसीजर असेल तरच. अंगठ्याचं टोक थोडं गेलं, पाय वाचला. त्या मुलाच्या वहीत मी स्वतः लिहून दिलं, "आईला हेपरिन पुन्हा देऊ नका, कुठल्याही हॉस्पिटलात गेलात तर आधी हे सांगा."

त्यामुळे माझ्या फेरीत बोटं असतातच. हाताची दहा, पायाची दहा, नाकाचं टोक, कानाची पाळी. मोजे काढून. पिंढऱ्या दोन्ही, एक दुसरीपेक्षा जाड वाटतेय का, टेपने मोजून. पायाला हवेने दाबणारे ते स्लीव्ह लावलेत का आणि मशीन खरंच चालू आहे का, कारण अंघोळीला काढतात आणि परत लावायचं राहतं. लिव्हरच्या पेशंटचा आयएनआर 2 असतो म्हणून त्याला गुठळी होणार नाही असं समजू नका, त्याच्यात रक्त गोठवणारे आणि गोठू न देणारे दोन्ही प्रकारचे पदार्थ कमी झालेले असतात आणि आयएनआरमध्ये एकच बाजू दिसते.

आणि डोकं. प्लेटलेट्स 10 हजारांच्या आसपास असतील, किंवा आयएनआर फार वर असेल, तर दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या बघते, दोन्ही, टॉर्चने. झोपवलेल्या पेशंटचं डोकं कधी दुखतंय हे कळत नाही. जागा पेशंट असेल आणि "डोकं जड वाटतंय सिस्टर" म्हणाला तर पॅरासिटामॉल देऊन पुढे जायचं नाही. अचानक उलटी झाली, बीपी चढला, पल्स उतरला, बोलणं अडखळलं, तर त्या क्षणी फोन. पोट फुगतंय का, कंबरेच्या बाजूला निळसर होतंय का, शौच काळं डांबरासारखं आहे का, लघवी चहासारखी झालीय का, तेही याच फेरीत.

नातेवाईक "रक्त थांबवायचं इंजेक्शन द्या ना" म्हणतात, त्यांनी ट्रॅनेक्झामिक ॲसिडचं नाव ऐकलेलं असतं. ते औषध मोठं आहेच, जपानच्या ओकामोटो दांपत्याने 1962 मध्ये पुढे आणलेलं, आणि 2010 साली वीस हजारांवर अपघाताच्या पेशंट्सच्या अभ्यासात दिसलं की वेळेत दिलं तर जीव वाचतात. पण वेळेत म्हणजे पहिल्या तीन तासांत, त्यानंतर दिलं तर नुकसानही होऊ शकतं. ते गुठळी विरघळू देत नाही, आणि डीआयसीत अंगभर नको तिथे गुठळ्या असताना सरसकट ते द्यायचं नसतं. मी हे नातेवाइकांना असंच साध्या शब्दांत सांगते. खुर्ची देते आणि मग सांगते, उभ्या उभ्या नाही. आणि आत सोडायच्या आधी पाच मिनिटं मागून घेते. चेहऱ्यावरचं वाळलेलं रक्त टिपते, डागाळलेली उशी बदलते, ड्रेनच्या बाटलीवर कापड टाकते. रक्ताचा डाग बघितला की माणूस पुढचं काही ऐकतच नाही, आणि त्याला तर आईच्या हाताला हात लावायचा असतो. कुठे धरायचं ते दाखवते, "इथे धरा, हलकं, इथे टोचलेलं नाही."

मागच्या महिन्यात एक नवीन मुलगी माझ्याबरोबर नाइटला होती. प्लेटलेट्स 14 हजार असलेल्या एका आजींना तिने चार वेळा वळवलं, दर वेळी ग्लोव्ह घालून पाठीखालून हात फिरवला, टॉर्चने ग्लोव्ह बघितला. पहाटे पावणेसहाला, मी सांगायच्या आधीच, परत गेली. चादर नीट करून आली आणि म्हणाली, "ताई, कोरडं आहे."

मी म्हटलं, "मग लिही. वेळ टाकून."

तिने लिहिलं, 5:45, लाइनची जागा, जांघ, कंबर, पाठ, कोरडी. आणि मग मोजे काढून बोटं बघायला गेली.